झिपरूचा पाय आणि माझी नवी आरोळी

माझ्या बायकोने, रिबकाने, आणि मी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे गोधडी पिळणं. रविवार होता. देवळातून आलो होतो. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. रेल्वेच्या गँगच्या खोल्यांमागे पाण्याचा हौद होता. तिथे तिने गोधडी धुतली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. भिजलेली गोधडी एकट्या बाईला पिळता येत नाही. ती एका बाजूने पीळ देणार, मी दुसऱ्या. मी नेहमीसारखा चुकीच्या बाजूने दिला.

"अहो, पिळायची आहे. उलगडायची नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात समोरून नथ्थू गेला. नथ्थू माझ्या गँगमधला माणूस. आदल्या दिवशी तो एक पहार लाइनवर विसरून आला होता. ते मला आठवलं आणि मी हौदापासूनच त्याला आईवरून शिवी हासडली. रिबकाने हातातलं टोक सोडलं. गोधडी चिखलात पडली.

"आता तुम्हीच धुवा. त्या माणसाच्या आईने तुमचं काय घोडं मारलंय? तासाभरापूर्वी याच तोंडाने गात होता ना?"

मी धुतली. सोमवारी तिला थंडी भरून आली. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. गुरुवारी तिला थोडं बोलता येत होतं. तिने माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. म्हणाली, "माणसांशी माणसासारखं बोलत जा. देवळात बोलता तसं कामावर." मी हो म्हटलं. शुक्रवारी दुपारी ती गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

आमच्या पाद्रीसाहेबांनी मला सांगितलं आहे की, कामाच्या जागी ख्रिस्ती माणसाने सभ्यतेने आणि प्रेमाने कसं वागावं, यावर तुझा अनुभव लिही. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. अनुभव आहे, पण त्यांना हवा तसा नाही. जसा आहे तसा लिहितो.

मी रेल्वेत गँगचा मुकादम होतो. चाळीसगावहून धुळ्याकडे जी लाइन जाते, तिचा पाच मैलांचा तुकडा आमच्याकडे. गँग म्हणजे दहा माणसं आणि वर एक मुकादम. लाइन म्हणजे नुसते रूळ असं लोकांना वाटतं. रुळाखाली आडवे लाकडी स्लीपर असतात, स्लीपरखाली खडी. गाडी गेली की खडी दबते, स्लीपर हलतो, रूळ वाकडा होतो. ते रोज सारखं करायचं. उन्हात पहार हाताला चटका देते. हिवाळ्यात हात फुटतात. याला कोणी साहेब शाबासकी देत नाही. गाडी नीट गेली तर कोणाला काही कळतच नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम रूळ बदलणं. आमच्या लाइनचा एक रूळ तीस फूट लांब आणि आठ मणांच्या वर. त्याला कैचीसारखे लोखंडी चिमटे लावायचे. एका चिमट्याला दोन माणसं, एक रुळाच्या अलीकडे, एक पलीकडे. पाच चिमटे, दहा माणसं. रूळ उचलायचा, चालत न्यायचा, स्लीपरवर ठेवायचा. यात उचलणं सोपं. उशिरा जोर लावणारा असला तरी बाकीचे उचलतात. ठेवणं कठीण. दहाही जणांनी एकदम ठेवला पाहिजे. एक टोक आधी पडलं तर दुसरं टोक झटका मारतं, आणि लोखंडाच्या झटक्यापुढे माणसाचं काही चालत नाही.

एकदम ठेवण्यासाठी आरोळी असते. मुकादम एक ओळ ओरडतो, गँग तिला जबाब देते. ही ओळ देवाची नसते. फार घाण असते. आमच्या लाइनवरची ओळ माझ्या आधीच्या मुकादमापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून चालत आलेली. तीत एक साहेब होता, त्याची सासू होती आणि शेवटी एक शिवी होती. त्या शिवीवर दहाही जणांचे हात सुटत. ती ओळ मी इथे लिहीत नाही. पण एवढं सांगतो की सगळी ओळ तीन शब्दांची होती आणि ती शिवी आखूड होती. एका दणक्यात संपायची.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे. माझा बाप मांग. मिशनमध्ये आला आणि ख्रिस्ती झाला. गँगमध्ये मराठे होते, कोळी होते, भिल्ल होते. त्या लाइनवर मी पहिलाच ख्रिस्ती मुकादम. माझ्या मडक्यातलं पाणी कोणी पीत नसे, पण माझा हुकूम ऐकत. का ऐकत? मी शिव्या देत होतो म्हणून. शिवी देणारा मुकादम म्हणजे मुकादम. मग त्याची जात कोणी काढत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

रिबकाला हे माहीत नव्हतं. तिचं बालपण मिशनच्या बोर्डिंगात गेलं. तिथे मागून पाणी घेतलं तरी आभार मानतात.

तिला पुरून आलो त्याच्या चौथ्या दिवशी मी कामावर गेलो. हजेरीला माणसं उभी राहिली. मी म्हटलं, "नथ्थूभाऊ, आज तुम्ही पुलाकडून सुरू करा."

नथ्थूने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"माले म्हनतस का?"

"तुम्हालाच."

"मुकादम, ताप बीप येल शे का तुम्हले?"

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. असे दोन आठवडे गेले. मी कोणाला आईवरून बोललो नाही, बहिणीवरून बोललो नाही. कोणाचं पोर आजारी असेल तर विचारलं. दुपारच्या भाकरीच्या वेळी घड्याळ काढून बसलो नाही. काम कमी झालं. माणसं वाईट नव्हती. त्यांना वाटलं, बायको गेली आणि याचा कणा मोडला. नथ्थू तर तोंडावर म्हणाला, "शिवी दिधी नही तं हात हालत नही आम्हना. आदत पडी गई."

एकट्या झिपरूला ते आवडलं. झिपरू शिरपूरच्या वरचा, सातपुड्याच्या पायथ्याचा भिल्ल. बोलायला कमी, कामाला वाघ. सगळे माझ्यापासून चार हात लांब भाकरी खात. तो दोन हातांवर बसे. एकदा मला म्हणाला, "असंच बोलत जा, मुकादमभाऊ. मी बी घर जाऊन कमी वरडस आते." मला बरं वाटलं. त्या महिन्यात तेवढंच एक बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी वळणावरचा एक रूळ बदलायचा होता. डोक्यावर, म्हणजे चाक फिरतं त्या बाजूला, झिजला होता. दोन गाड्यांच्या मधे आम्हाला सव्वा तास होता. दोन्ही बाजूंना लाल निशाणं लावली. जुना रूळ काढला. नव्या रुळाला चिमटे लावले. शेवटच्या चिमट्याला अलीकडे नथ्थू, पलीकडे झिपरू.

आता आरोळी. जुनी म्हणायची नाही असं मी आदल्या रात्री पडल्यापडल्या ठरवलं होतं. नवी जुळवली होती. साहेब नाही, सासू नाही. "भाऊ हो, सावकाश, खाली ठेवा." 'ठेवा'वर सोडायचं. निघण्याआधी मी गँगला समजावून सांगितलं.

"काय म्हनाले पाहिजे म्हनता?" नथ्थूने विचारलं.

"तुम्ही काही म्हणू नका. मी 'ठेवा' म्हटलं की ठेवा."

"एवढी लांबड कसाले? गच्चीवर चारपाई चढाडी ऱ्हायनात का?"

पुन्हा हसले सगळे. झिपरू मात्र ओठात ती ओळ म्हणून पाहत होता. मी पाहिलं.

रूळ उचलला. स्लीपरवर नेला. रूळ हातभर उंचीवर होता, माणसांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. मी म्हटलं, "भाऊ हो, सावकाश..."

तिथेच नऊ जणांनी सोडला. त्यांचा दोष नाही. पंधरा पंधरा वर्षं त्यांचे हात एका मापावर सुटत होते. जुनी ओळ जिथे संपायची तेवढा वेळ झाला आणि हात आपोआप सुटले. माझा 'ठेवा' अजून माझ्या तोंडात होता. मी सभ्य बोलायला गेलो आणि हुकूम लांब झाला.

झिपरूने मात्र धरून ठेवलं होतं. मी सांगितलं होतं 'ठेवा'वर, तो 'ठेवा'ची वाट पाहत होता. समोरून नथ्थूने चिमट्याची आपली बाजू सोडली, रूळ झिपरूच्या बाजूला फिरला आणि त्याच्या डाव्या पायावर बसला.

तो ओरडला नाही. "मुकादमभाऊ," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

पहारी घालून रूळ उचलला. पाय काढला. माझं उपरणं बांधलं. येणारी गाडी थांबवली आणि त्याला गार्डाच्या डब्यात घालून चाळीसगावला नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घोट्याच्या वर पाय कापला. पाद्रीसाहेब दवाखान्यात आले, त्यांनी प्रार्थना केली. बरं वाटलं असेल कोणाला. मला नाही वाटलं.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबाने बोलावलं. रूळ, स्लीपर, पूल, गँग, सगळ्यावर देखरेख करणारा हा साहेब. आम्ही त्याला पीडब्लूआय म्हणायचो. माणूस ख्रिस्ती. कधी आवाज चढवायचा नाही. हमालालासुद्धा प्लीज म्हणायचा. रिबका त्याचं नाव काढून मला सांगायची, बघा, साहेब असून कसं बोलतो.

"बस, शमुवेल," साहेब म्हणाला.

मी उभाच राहिलो. तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी साहेब बस म्हणाला नव्हता.

"प्लीज, बस. तुझी बायको गेली, मला कळलं. फार वाईट झालं."

मी खुर्चीच्या कडेवर बसलो. शिपायाने चहा आणला, कपबशीत. शिपाई ब्राह्मण होता. त्याने कप माझ्यासमोर ठेवला तेव्हा साहेब त्याच्याकडे पाहत होता, म्हणून ठेवला.

"रुळाला किती माणसं होती?"

"दहा."

"एकदम किती जणांनी सोडला?"

"नऊ."

"आणि झिपरूने?"

"मागून."

"म्हणजे उशिरा."

"हो साहेब, पण त्याने..."

"चहा घे. थंड होतोय. उशिरा सोडला, हे खोटं तर नाही ना?"

"खोटं नाही."

"आपण ख्रिस्ती माणसं. मी तुला खोटं लिहायला कधी सांगणार नाही."

त्याने कागद पुढे केला. इंग्रजीत होता. त्याने वाचून अर्थ सांगितला. दहापैकी एका माणसाने रूळ उशिरा सोडला, त्यामुळे तो जखमी झाला. बस, एवढंच. आरोळीचं नाव नाही, मुकादमाचं नाव नाही.

याचा पुढे काय अर्थ होतो हे कोणताही गँगमन सांगेल. त्या वेळी आमच्याकडे रीत अशी होती की, माणूस कामात जायबंदी झाला आणि चूक त्याची नसेल, तर त्याला एखाद्या फाटकावर बसवत. फाटक उघडायला एक पाय पुरतो. नोकरी राहते, खोली राहते. चूक त्याची असेल तर नाव कमी, आणि पंधरा दिवसांत खोली रिकामी. झिपरूला बायको होती, तीन लेकरं होती, आणि सातपुड्याखाली जी जमीन होती तिच्यात दगड होते.

साहेब हळू आवाजात म्हणाला, "शमुवेल, या लाइनवर आपल्या लोकांतला तू एकच मुकादम आहेस. तुझ्यावर ठपका आला तर मी दुसऱ्या कोणासाठी शब्द टाकू शकणार नाही. तुझा विचार नको करू. मागून येणाऱ्यांचा कर."

मी सही केली. वर त्याला थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन हौदावर तोंड धुतलं, तेव्हा लक्षात आलं की चहा सगळा पिऊन झाला होता.

इथे मी पाद्रीसाहेबांना स्पष्ट लिहितो. साहेबाने मला शिवी देऊन सही मागितली असती तर मी दिली नसती. त्याच्या अंगावर गेलो असतो, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तो सभ्यतेने बोलला, माझ्या मेलेल्या बायकोचं नाव घेतलं, खुर्ची दिली. माझ्याने नाही म्हणवलं नाही.

रविवारी देवळात न जाता दवाखान्यात गेलो. केळी नेली. झिपरू भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको काशी पायाशी बसली होती. पाय एकच होता, पण ती पायाशीच बसली होती.

"मुकादमभाऊ," झिपरू म्हणाला, "हापिसना मानूस ऊना व्हता. म्हने, तूच उशीर कया. मी उशीर कया का?"

मी केळी काढून काशीपुढे धरली.

"तुम्ही ठेवा म्हनतस तोवर मी धरी ऱ्हायनू. तसंच सांगेल व्हतं ना तुम्ही?"

"तसंच सांगितलं होतं."

"मंग उशीर कसा व्हयना?"

तो रागाने विचारत नव्हता. खरंच त्याला समजून घ्यायचं होतं. गँगमध्ये एखादं काम समजलं नाही तर तो तसंच विचारायचा. मग म्हणाला, "मन्हा पाय गया. डोया तं शाबूत शेतस. साहेबले सांगा, फाटकवर बसाडा. दिवसना काम, रातना काम, कोनतं बी."

काशी इतका वेळ खाली पाहत होती. ती म्हणाली, "तुम्ही गोड बोलनात आनि मन्हा मानूसना पाय गया. पहिले शिव्या देत, तव्हय समदासना पाय जागावर व्हतात."

तिने केळी घेतली नाहीत. मी ती खाटेच्या कडेला ठेवली आणि निघालो.

घरी आलो. भाकरी थापली, जळाली. कोणाला तरी विचारावं असं वाटलं, आता काय करू. विचारायचं ते माणूस नव्हतं. तिला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, याचा मी खूप विचार केला. मग वाटलं, तिने सांगायचं ते सांगून झालंय. माणसांशी माणसासारखं. मी त्यातलं बोलणं तेवढं घेतलं होतं.

सोमवारी सकाळी साहेबाकडे गेलो. म्हटलं, "साहेब, त्या कागदात मला आणखी लिहायचंय."

"कागद भुसावळला गेला, शमुवेल. सॉरी."

"मग मी भुसावळला जातो."

त्याने हातातली फाइल मिटली. "तू गेलास तर मी तुला अडवणार नाही. पण मग मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"ठीक आहे. जाताना दार ओढून घे, प्लीज."

मंगळवारी रजा टाकली आणि भुसावळला गेलो. तिथे मोठा साहेब. त्याच्याबद्दल सगळ्या लाइनवर माहीत होतं की तो बुटाने बोलतो. व्हरांड्यात सकाळपासून बसलो. दुपारी तीनला आत घेतलं. खुर्ची नव्हती. चहाचा प्रश्नच नव्हता.

"क्या मंगता?" तो म्हणाला.

मी मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं. त्याने टेबलावरचा कागद काढला, वाचला.

"इधर लिखा, एक आदमी लेट. सही तुम्हारा. अब क्या बोलता?"

"साहेब, एक आदमी लेट नहीं था. नौ आदमी जल्दी था. हुकूम जैसा दिया, वैसा एकच आदमी चला. वही जखमी हुआ."

"नौ आदमी जल्दी क्यों?"

"मैंने आरोळी बदला, साहेब. पुराना हाथ को याद था. नया नहीं था. पहले रिकामा हाथ से करके देखना था. नहीं किया."

तो उठून उभा राहिला. मला जे बोलला ते मी आयुष्यात कोणाला बोललो नसेन. गँगची आरोळी त्यापुढे भजन. मी ऐकून घेतलं. ते खोटं नव्हतं.

मग त्याने विचारलं, "किसने बोला बदलने को? पाद्री?"

"घरवाली ने."

"किधर है घरवाली?"

"मर गई, साहेब. अभी एक महिना हुआ."

तो खिडकीपाशी गेला. यार्डात इंजिन पाणी घेत होतं. मग पुन्हा दोन शिव्या दिल्या, पण पहिल्यासारख्या नव्हत्या. म्हणाला, "बाहर क्लार्क को बोलो. सब लिखाओ. अंगूठा नहीं, सही. इस बार पढ़ के."

क्लार्कने मराठीत लिहून घेतलं. मी दोनदा वाचलं. सही केली.

दहा दिवसांनी ऑर्डर आली. झिपरूला फाटक मिळालं. आमच्या लाइनवर नाही, तिकडे पहूरच्या बाजूच्या छोट्या लाइनवर. घरापासून लांब, ओळखीचं कोणी नाही. पण नोकरी राहिली. माझ्यासाठी दुसरा कागद होता. मुकादमकी काढली, त्याच गँगमध्ये गँगमन. नथ्थू मुकादम. कागद इन्स्पेक्टर साहेबाने स्वतः वाचून दाखवला. म्हणाला, "सॉरी, शमुवेल." मी उभा होतो. त्याने बस म्हटलं नाही. त्यानंतर त्या लाइनवर आमच्यातला दुसरा मुकादम माझ्या नोकरीत तरी झाला नाही. तेवढं साहेबाचं खरं ठरलं. देवळाच्या मंडळीतले काही लोक त्यावरून माझ्याशी बोलत नसत. त्यांचीही मुलं होती.

झिपरू गेला त्या दिवशी स्टेशनवर गेलो होतो. लेकरं, दोन गाठोडी, एक कोंबडी. झिपरूने कुबडी बगलेत धरून मला रामराम केला. काशीने केला नाही. गाडी सुटेपर्यंत ती तोंड दुसरीकडे करून बसली होती. मला तिचं बरोबरच वाटलं. मी कागद सुधारला, पाय सुधारला नव्हता.

पाद्रीसाहेबांना यातून काही बोध हवा असेल तर तो असा. आठ मणांचा रूळ माणसांच्या हातात असताना हुकूम आखूड द्यावा. बदलायचा असेल तर आधी चार दिवस रिकाम्या हाताने म्हणून पाहावा. आणि आपल्या सहीने दुसऱ्याचं काय होणार आहे हे चहा प्यायच्या आधी मोठ्याने विचारावं, चहा देणारा कितीही चांगलं बोलत असला तरी. याहून जास्त मला कळलेलं नाही. मी पुढे कोणाला शिवी दिली नाही, हे खरं. पण ते मी फार मोठं समजत नाही. माझ्या शिव्यांनी कोणाचा पाय गेला नव्हता.

ऑर्डर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर हजेरीला गेलो. निशाणं, शिट्टी आणि हजेरीचं बुक नथ्थूच्या हातात दिलं आणि दहा जणांच्या रांगेत उभा राहिलो. कोणी हसलं नाही. वळणाच्या पुढचा रूळ बदलायचा होता. माणसांनी चिमटे लावले. नथ्थूच्या जागी शेजारच्या गँगमधला एक जुना माणूस बदलून आला होता. शेवटच्या चिमट्याची पलीकडची बाजू रिकामी होती, झिपरूची. तिथे कोणी जाईना. मी जाऊन उभा राहिलो.

नथ्थू जवळ आला. घसा खाकरला.

"शमुवेलभाऊ, आरोळी कोनती देऊ? तुम्ही घरवालीले कबूल करेल शे ना. माले माहीत शे."

"जुनीच दे."

"शिवीवाली?"

"तीच. सगळ्यांच्या हातांना ठाऊक आहे."

तो तरीही घुटमळला. मी म्हटलं, "नथ्थू, गाडी यायची वेळ होते आहे."

तो मागे सरकून उभा राहिला. रूळ उचलून स्लीपरवर नेला आणि त्याने आरोळी दिली, साहेब, सासू, सगळं. गँगने जबाब दिला. मी तोंड मिटून सगळ्यांबरोबर रूळ ठेवला.